काच पाणी पीत नाही

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या मिळाल्या तर उत्तमच. एकीवर फेव्हिकॉलचा मोठा थेंब ठेवा, दुसरी पट्टी वरून दाबा आणि रात्रभर कुणी हात लावू नका. सकाळी उचलून उजेडात धरा. कडेकडेनं फेव्हिकॉल वाळून पारदर्शक झालेलं दिसेल, पण मधोमध ते काल होतं तसंच पांढरं आणि ओलं! आणखी एक दिवस थांबलात तरी मधला डाग तसाच. जरा नेट लावून सरकवल्या की पट्ट्या सुट्या होतात.

आता त्याच बाटलीतलं फेव्हिकॉल लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये लावा, वर वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते तुकडे ओढून पाहा. पुष्कळ जोर केलात तर लाकडाचं सालपट निघून येईल, पण जोड हटणार नाही.

बाटली तीच, हात तोच, मग काचेवर काय बिनसलं?

फेव्हिकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे अतिसूक्ष्म कण. त्या कणांवर आदळून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी निघून गेलं की कण जवळजवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. हे व्हायला पाण्याला वाट मिळायला हवी. लाकडाला बारीक बारीक पोकळ नळ्या असतात. त्या पाणी शोषून घेतात आणि थोडा गोंदही आत ओढतात. काच मात्र पाणी पीत नाही. मग पाण्याला एकच वाट उरते, कडेची. आणि कडेचा गोंद आधी वाळला की तीही बंद! आतलं पाणी आतच अडकतं.

म्हणून कार्यशाळेत दोन वेगळ्या वस्तू हातात आल्या की सगळ्यात आधी बाटलीकडे धावायचं नाही. आधी त्या वस्तूंना विचारायचं, ‘तुम्ही पाणी पिता का?’ कागद, पुठ्ठा, कापड, लाकूड, न भाजलेली माती पाणी पितात. काच, पत्रा, प्लास्टिक, चकचकीत टाइल पीत नाहीत. दोघांतला एक जरी पिणारा असला तरी पांढरा गोंद निदान वाळतो तरी. दोघंही न पिणारे असतील तर ती बाटली परत फडताळात.

फेव्हिकॉल बाजारात आलं 1959 साली. त्याआधी आपल्याकडचे सुतार सरस वापरायचे. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून तो बनवत. कामाच्या वेळी तो पाण्यात भिजवून शेगडीवर वितळवायचा, गरम असतानाच लावायचा, आणि वास तर विचारूच नका. या सरसाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, कारण काही कामांत अजूनही त्याला तोड नाही.

आता दुसरा प्रयोग. स्टीलची एक ताटली घ्या, तिला बोटानं किंचित खोबरेल तेल लावा आणि पाण्याचा थेंब सोडा. थेंब फुगीर, गोलसर राहील. ताटली साबणानं स्वच्छ घासून, धुऊन पुन्हा थेंब सोडा. या वेळी तो पसरेल. गोंदाचंही अगदी असंच असतं. तो पृष्ठभागावर पसरला, खाचाखोचांत शिरला, तरच त्याचे रेणू त्या पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की दोघांमध्ये ओढ निर्माण होते. ही ओढ फार जवळून काम करते. मध्ये तेलाचा, धुळीचा, घामट बोटाचा नुसता थर आला तरी गोंद त्या थरालाच चिकटतो आणि तो थर वस्तूवरून सुटून येतो. म्हणून अनुभवी कारागीर गोंदाची बाटली उघडण्याआधी पॉलिश पेपर आणि स्वच्छ फडकं हातात घेतो. खरखरीत केलं की चिकटायला जागा वाढते आणि वरचा मळही निघतो. तुटलेली वस्तू जोडण्याचं निम्मं काम इथेच होतं, असं माझं पक्कं मत आहे.

पण काही वस्तू कितीही धुतल्या, घासल्या तरी थेंब पसरू देत नाहीत. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण घ्या आणि करून पाहा. डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तिथे 2, 4 किंवा 5 असेल तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन आहे. या प्लास्टिकांची बाहेरच्या कुठल्याही रेणूशी ओढ फार कमी. गोंदाच्या बऱ्याच बाटल्या याच प्लास्टिकच्या का असतात, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल! अशा प्लास्टिकला लाकूड किंवा पत्रा जोडायचा तर मी सरळ सांगेन, गोंद विसरा. भोकं पाडा, नट-बोल्ट घाला, तारेनं बांधा. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घनाकृती, घरं असं काय काय बनवायला शिकवलं आहे. त्यात गोंदाचा एक थेंबही लागत नाही. रबरी नळी काडीला आवळून धरते, बस्स.

काचेला पत्रा जोडायचा असेल, म्हणजे दोघंही पाणी न पिणारे, तर वाळण्यावर अवलंबून नसलेला गोंद हवा. असे गोंद वाळत नाहीत. त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि ते घट्ट होतात. त्यातला एक तुमच्या चांगला ओळखीचा आहे, फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा. त्याचं रसायन सायनोअ‍ॅक्रिलेट. 1942 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन जिथे तिथे चिकटत होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. 1951 साली त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा पातळ थर एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये मोजमापासाठी लावला आणि लोलक एकमेकांना असे चिकटले की सुटेनात! उपकरण गेलं कामातून, पण या वेळी कूव्हरांच्या ध्यानात आलं की आपल्या हाती काय लागलंय. 1958 साली तो गोंद म्हणून विकायला आला.

या गोंदाला घट्ट व्हायला पाणी लागतं, तेही अगदी कणभर. जवळजवळ प्रत्येक वस्तूवर हवेतल्या ओलाव्याचा न दिसणारा थर असतो, तेवढा त्याला पुरतो. आपल्या बोटांवर तर ओलावा भरपूर, म्हणून बोटं आधी चिकटतात. (चिकटलीच तर ओढायची नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायची आणि मोठ्यांना सांगायचं. आणि हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर कधीही सांडू द्यायचा नाही. कापसाशी त्याची क्रिया इतक्या वेगानं होते की चटका बसतो.) एक थेंब पुरे, पाच घातले तर काम बिघडतं, कारण जाड थराच्या मध्यापर्यंत ओलावा पोचत नाही. शिवाय घट्ट झाल्यावर तो कडक आणि ठिसूळ होतो.

दुसरा गोंद दोन नळ्यांमध्ये मिळतो. एकीत राळ, दुसरीत हार्डनर. अ‍ॅराल्डाइट या नावानं तो आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि नळ गळू लागला की लावतात ते एम-सील त्याच कुळातलं. याला हवा नको, ओलावा नको, की पाणी जायला वाटही नको. दोन भाग एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफून एक मोठं जाळं तयार होतं. काच, धातू, दगड, लाकूड, चिनीमाती, सगळ्यांना तो धरतो आणि मधली फटही भरतो. वेष्टनावर लिहिलेलं प्रमाण मात्र काटेकोर पाळायचं. लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही आणि जोड मऊ राहतो.

मग सगळ्यालाच हा दोन नळ्यांचा गोंद लावला तर? इथेच खरी गंमत सुरू होते.

समजा तुम्ही अ‍ॅल्युमिनिअमची एक मीटर लांब पट्टी तेवढ्याच लांबीच्या काचेला चिकटवलीत आणि ती उन्हात ठेवलीत. तापमान 30 अंशांनी वाढलं तर अ‍ॅल्युमिनिअम सुमारे 0.7 मिलिमीटर लांब होतं आणि काच जेमतेम 0.27 मिलिमीटर. तीन पायांच्या शर्यतीत एकाच्या ढांगा लांब आणि दुसऱ्याच्या छोट्या असल्या की पायाला बांधलेल्या रुमालावर काय ताण येतो आठवा! मधला गोंद ताठ असेल तर एक तर तो तडकतो, नाही तर काच. लाकडाची तर तऱ्हाच निराळी. उन्हानं ते फारसं वाढत नाही, पण पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं. जूनमध्ये घरचं दार अडकायला लागतं ते म्हणूनच. फुगतं तेही आडवं, रेषांच्या दिशेनं नाही. तीस सेंटिमीटर रुंद फळी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत सहज दोन-तीन मिलिमीटर रुंद होते. तिच्यावर पितळेची रुंद पाटी कडक गोंदानं चिकटवलीत तर पहिला पावसाळा पार पडेलच असं नाही.

अशा वेळी ताणला जाणारा, मऊ गोंद लागतो. खिडकीची काच अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीत बसवतात तिथे सिलिकॉन असतं. माशांच्या काचेच्या टाकीच्या कोपऱ्यातही तेच. हे हवेतला ओलावा घेऊन रबर बनतं. त्यातला एक प्रकार घट्ट होताना व्हिनेगरचा वास सोडतो, कारण त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. हे आम्ल पितळेला हिरवट डाग पाडतं आणि आरशाच्या मागचा लेप खाऊन टाकतं. म्हणून पितळ किंवा आरसा लाकडावर लावायचा तर दुकानात आम्ल न सोडणारं सिलिकॉन मागायचं. दुकानदार त्याला न्यूट्रल म्हणतात.

या मऊपणाची सगळ्यात भारी परीक्षा कुठे झाली असेल? अवकाशात! कोलंबिया हे अमेरिकेचं अवकाशयान 12 एप्रिल 1981 रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं अंग अ‍ॅल्युमिनिअमचं होतं. परत येताना वातावरणात शिरलं की यानाच्या पोटाखाली सुमारे 1260 अंश सेल्सिअस तापमान होतं आणि अ‍ॅल्युमिनिअम पावणेदोनशे अंशांच्या आत ठेवणं भाग होतं. म्हणून यानावर तीस हजारांहून जास्त फरश्या बसवल्या होत्या. त्या सिलिकाच्या बारीक तंतूंच्या होत्या, आणि त्यात नव्वद टक्के जागा रिकामीच. त्यातून उष्णता इतकी सावकाश जाते की आतून लाल झालेली फरशी कोपऱ्याला धरून नुसत्या हातानं उचलता येते.

पण ती चिकटवायची कशी? अ‍ॅल्युमिनिअम तापलं की पसरतं, अवकाशातल्या थंडीत आक्रसतं, उडताना थोडं वाकतंसुद्धा. फरशी जवळजवळ फुगतही नाही आणि आक्रसतही नाही, वर ती ठिसूळ. थेट चिकटवली तर तडकणार. म्हणून अभियंत्यांनी मध्ये नमद्याचा, म्हणजे दाबून बसवलेल्या तंतूंचा, सुमारे चार मिलिमीटर जाडीचा थर घातला. आगीशी झुंजणाऱ्या जवानांचे कपडे ज्या नोमेक्स धाग्याचे असतात, त्याचाच हा नमदा. त्याच्या एका अंगाला सिलिकॉननं फरशी आणि दुसऱ्या अंगाला सिलिकॉननंच यान. अ‍ॅल्युमिनिअमनं हवं तेवढं हलावं, नमदा ते हलणं आपल्या अंगात जिरवतो आणि फरशीला पत्ता लागत नाही. शिवाय दोन फरश्यांमध्ये बारीक फट, म्हणजे त्या एकमेकींवर आदळायला नकोत.

तरी सुरुवातीला अडचण आलीच. 1979 साली कोलंबियाला विमानाच्या पाठीवर बसवून कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला नेलं, तेव्हा वाटेत फरश्या निसटल्या. मग चाचण्या झाल्या आणि कळलं की दोष गोंदाचा नव्हताच! नमद्याचे तंतू फरशीच्या तळाला काही मोजक्या ठिकाणीच ओढत होते आणि तिथे फरशीच फाटत होती. म्हणून फरश्यांच्या तळात सिलिकाचं द्रावण मुरवून तेवढा भाग घट्ट केला. मग जोड टिकला.

हे मला फार आवडतं. जोड तुटला की गोंदाला नावं ठेवण्याआधी तुटलेली जागा वाचायची! तुम्हीही वाचू शकता. सगळा गोंद एकाच तुकड्यावर राहिला असेल तर दुसऱ्या तुकड्यानं त्याला धरलंच नव्हतं. एक तर तो मळका होता, किंवा गोंदाची निवड चुकली. दोन्ही तुकड्यांवर गोंद दिसत असेल तर गोंदच मधून फाटला. थर जाड झाला असेल किंवा तो पुरता घट्ट व्हायच्या आतच वस्तू वापरली असेल. आणि गोंदाबरोबर लाकडाचं सालपट किंवा कागदाचा पदर उखडून आला असेल तर गोंद जिंकला, आणखी भारी गोंद आणून काही फायदा नाही.

ओढ कोणत्या दिशेनं लागणार हेही पाहायला हवं. चिकटपट्टीचे दोन तुकडे टेबलावर लावा. एक टेबलाला समांतर ओढा, दुसरा एका टोकाकडून वर सोलत न्या. पहिला हलता हलत नाही, दुसरा अलगद निघतो. सोलताना सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो, म्हणून कडक गोंद तिथे चटकन हार खातात. चपलेचा तळ प्रत्येक पावलाला वाकतो आणि पुढच्या टोकाकडून सोलला जातो. चांभारकाका तिथे झटपट गोंद का लावत नाहीत, ते यामुळे कळेल. ते दोन्ही बाजूंना रबरी सोल्युशन लावतात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबतात, मग दाबून ठोकतात आणि वर टाकेही घालतात. (या सोल्युशनच्या वाफा वाईट असतात. खिडक्या उघड्या हव्यात आणि मोठं माणूस जवळ हवं. थर्माकोलला तर ते लावूच नका, विरघळून खड्डा पडतो.)

चिकटवून वर बांधायचं, ही युक्ती फार जुनी आहे. 1991 साली आल्प्स पर्वतातल्या बर्फात एका माणसाचा देह सापडला, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याला ओत्झी असं नाव मिळालं. त्याच्याजवळ कुऱ्हाड होती, पातं तांब्याचं आणि दांडा यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा. पातं भूर्जवृक्षाच्या सालीपासून काढलेल्या डांबरानं चिकटवून वरून चामड्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती.

निसर्गानं तर याहून सुंदर उत्तर काढलं आहे. रत्नागिरीच्या किंवा गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी हिरवट शिंपल्यांचे घोस दिसतात. त्यांना शिणाणे म्हणतात. एखादा ओढून पाहा, सहजासहजी निघायचा नाही. आतला जीव मऊ लिबलिबीत, खडक कठीण, आणि तोही कायम ओला! हा जीव बारीक धागे सोडतो आणि धाग्याच्या टोकाला पाण्यातच घट्ट होणारा गोंद लावतो. शिंपल्यांच्या या कुळातल्या धाग्यांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा दिसलं की धागा जिवाजवळ ताणता येतो आणि खडकाकडे जाता जाता हळूहळू ताठ होत जातो. मऊ आणि कठीण यांची गाठ एकदम पडतच नाही. तुमच्या टाचेच्या मागे बोटानं दाबून पाहा, जाडसर दोर लागेल. ती कंडरा. तीही हाडाला एकदम चिकटलेली नाही. आधी कंडरा, मग कुर्चा, मग कठीण कुर्चा आणि मग हाड!

शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. हा जोड कधी उघडावा लागेल का? मिरजेला सतारी आणि तंबोरे बनतात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यात भोपळा आणि लाकूड, दोन अगदी निराळ्या वस्तू, एकजीव व्हाव्या लागतात. वाद्यांच्या कामात सरस वापरायची जुनी रीत आहे, ती उगाच नाही. सरसाला उष्णता आणि वाफ दिली की तो मऊ होतो. वाद्य दुरुस्तीला आलं की जोड न मोडता उघडतो आणि पुन्हा तसाच बसतो. दोन नळ्यांचा गोंद लावला तर लाकूड फुटेल, जोड उघडणार नाही.

याचा धडा इजिप्तमध्ये जगानं पाहिला. तुतनखामून राजाच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी 2014 साली कैरोच्या संग्रहालयात निखळली आणि घाईघाईनं तसल्याच राळेच्या गोंदानं बसवली गेली. गोंद बाहेर आला, दिसू लागला, आणि काढता येईना. 2015 साली ख्रिस्तियान एकमान या जर्मन तज्ज्ञाच्या चमूनं लाकडी हत्यारांनी अतिशय जपून तो खरवडून काढला. मग दाढी कशानं बसवली माहीत आहे? मधमाश्यांच्या मेणानं, प्राचीन इजिप्तचे कारागीर वापरायचे त्याच.

आता घरात एखादी मोडलेली वस्तू शोधा. कपाचा कान, चष्म्याची दांडी, खेळण्यातल्या गाडीचं चाक, काहीही. दोन्ही तुकडे हातात घेऊन बघा. कोण पाणी पितं, कोण थेंब पसरू देतं, कोण फुगतं, ओढ कुठून लागणार, आणि पुढे उघडावं लागेल का? मग त्याच दोन वस्तूंचे टाकाऊ तुकडे घेऊन, आई-बाबांना किंवा शिक्षकांना शेजारी बसवून, आधी त्यांच्यावर गोंद लावून पाहा. चोवीस तास थांबा, मग ओढा. जोड सुटला तर तुटलेली जागा नीट वाचा. तुम्ही कोणत्या दोन वस्तू घेतल्या, कोणता गोंद निवडला आणि जोड कुठे तुटला, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.